पोरींचं रक्त आणि आपला वनहक्क

आपल्या मीटिंगला दावे, मोजणी, दळीचे प्लॉट, फॉरेस्टवाले यावर तासभर बोलणं होतं. पोरींच्या पाळीचा विषय निघाला की गडीमाणसं उठून बाहेर जातात. म्हणतात, तो बायांचा प्रश्न. आमचं म्हणणं, हा जमिनीचा प्रश्न आहे.

बघा कसा. सरकारच्याच 2019-21 च्या पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या शंभर पोरींमागं 59 जणींना रक्त कमी निघालं. त्यावर लोहाची निळी गोळी आहे. आठवड्याला एक, शाळेत नाहीतर अंगणवाडीत, फुकट. 2018 मध्ये अस्मिता योजना आली. तेव्हा पॅडचं पाकीट 5 रुपयांना होतं, पण जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना. आता जिते, पेण, रोह्याकडची कातकरी घरं दिवाळी झाली की वीटभट्टीला नाहीतर कोळशाला निघतात. पोर संगं जाते. शाळा सुटली, गोळी सुटली, पाकीटही सुटलं. भट्टीवर न्हाणीला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. दळीची जमीन नावावर असती, नाचणी-वरी घरात असती, तर एवढ्या घरांना बिऱ्हाड उचलावं लागलं असतं का?

वाडीवर पाणी मागायला जावं तर उत्तर येतं, "जागा फॉरेस्टची आहे." त्यांना 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(2) दाखवा. पिण्याच्या पाण्याची लाईन, अंगणवाडी, दवाखाना, रेशन दुकान यांना वनजमीन देता येते. एका कामाला एक हेक्टरच्या आत, हेक्टरी 75 च्या वर झाडं तोडायची नाहीत. शिफारस मात्र ग्रामसभेची लागते. म्हणजे सुरुवात आपल्याच हातात आहे.

तर येत्या ग्रामसभेत दोन ठराव घ्या. एक, वाडीला पाण्याची लाईन आणि अंगणवाडीला जागा. दोन, भट्टीला निघणाऱ्या पोरींच्या गोळ्या आरोग्य खात्यानं आधीच हातात द्याव्यात. गोळी जेवणानंतर घ्यायची, कोऱ्या चहाबरोबर नको. चहानं लोह अंगी लागत नाही.

आणि वनहक्काच्या ग्रामसभेला हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया लागतात, हा नियमच आहे. आयांनो, या. पोरींनाही संगं आणा, त्यांना बोलू द्या. गड्यांनो, तुम्ही बसून ऐका.

जिंदाबाद!