विश्लेषण : इमारतीतले पाणी उलटे फिरले तर? ‘बॅकफ्लो’ म्हणजे काय आणि त्याची चाचणी का हवी?

मॉल, रुग्णालय, हॉटेल किंवा आयटी कंपनीच्या इमारतीत पाण्याची वाहिनी एकच नसते. पिण्याचे पाणी, सांडपाण्यावर प्रक्रिया करून फ्लशसाठी वापरलेले पाणी, वातानुकूलन यंत्रणेच्या कूलिंग टॉवरचे पाणी, अग्निशमनाचे पाणी, शिवाय बोअरवेल आणि टँकर. हे सगळे एकाच शाफ्टमधून, हातभर अंतरावरून वर-खाली जात असते. ते एकमेकांत मिसळणार नाही, असे सगळेच गृहीत धरतात. पण ते खरोखरच मिसळत नाही ना, हे तपासतो कोण?

बॅकफ्लो म्हणजे नेमके काय?

पाण्याला दिशा कळत नाही, दाब कळतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाणे हा त्याचा स्वभाव. हा दाब उलटा झाला की वापरलेले किंवा दूषित पाणी स्वच्छ पाण्याच्या वाहिनीत शिरते. यालाच बॅकफ्लो म्हणतात. तो दोन प्रकारे होतो.

पहिला प्रकार बॅकसायफनेजचा. मुख्य जलवाहिनी फुटली, अग्निशमन दलाने जवळून मोठ्या प्रमाणात पाणी उपसले किंवा पुरवठाच बंद झाला, की वाहिनीत पोकळी तयार होते. अशा वेळी बादलीत बुडालेला होजपाइप स्ट्रॉसारखे काम करतो आणि बादलीतले पाणी आत ओढले जाते.

दुसरा प्रकार बॅकप्रेशरचा. यात इमारतीतला पंप, बॉयलर किंवा उंचावरची टाकी बाहेरच्या वाहिनीपेक्षा जास्त दाब देते. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार असतो. म्हणजे ७० मीटर उंच इमारतीच्या तळाशी सुमारे सात बार. रस्त्याखालच्या वाहिनीत इतका दाब क्वचितच असतो. मधला अडसर निकामी झाला, तर पाणी कोणत्या दिशेला जाईल हे सांगायला नको.

असे प्रत्यक्षात घडले आहे का?

घडले आहे. १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले होते. त्या वेळी शहरातल्या दोन मोठ्या हॉटेलांत उतरलेल्या पाहुण्यांत अमिबिक आमांशाची साथ पसरली. सुमारे १,४०० जणांना लागण झाली आणि ९८ जण दगावले. हॉटेलांच्या जुन्या, सदोष प्लंबिंगमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळल्याचे चौकशीत निष्पन्न झाले.

१९६९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील होली क्रॉस महाविद्यालयाच्या फुटबॉल संघातले ९७ पैकी ९० जण हेपॅटायटिसने बाधित झाले. जवळच आग लागली होती आणि ती विझवताना पाण्याचा दाब घसरला. त्यामुळे सराव मैदानात जमिनीलगत बसवलेल्या नळांभोवती साचलेले दूषित पाणी आत खेचले गेले. संघाला त्या वर्षीचा हंगाम सोडावा लागला.

डिसेंबर २०१६ मध्ये टेक्सासमधील कॉर्पस ख्रिस्ती या सुमारे तीन लाख वस्तीच्या शहराला नळाचे पाणी वापरू नका, असे सांगण्यात आले. एका औद्योगिक आवारातून डांबराशी संबंधित रसायन जलवाहिनीत शिरल्याचा संशय होता. पूर्ण निर्बंध उठायला जवळपास चार दिवस लागले. म्हणजे एका आवारातला दोष त्याच आवारापुरता राहीलच असे नाही.

व्यावसायिक इमारतींत धोका अधिक का?

घरात धोक्याची ठिकाणे मोजकी असतात. व्यावसायिक इमारतीत ती मजल्यागणिक वाढतात. कूलिंग टॉवरच्या पाण्यात गंजरोधक आणि जंतुनाशक रसायने असतात. अग्निशमनाच्या वाहिन्यांत पाणी महिनोन्महिने साचून राहते. प्रयोगशाळेतले सिंक, दंतवैद्याची खुर्ची, हॉटेलातले भांडी धुण्याचे यंत्र, स्वच्छतागृहातला जेट स्प्रे या सगळ्या ठिकाणी स्वच्छ पाणी अस्वच्छ पाण्याच्या अगदी जवळ येते.

फूड कोर्टमधले सोडा यंत्रही यातून सुटत नाही. त्यातला कार्बन डायऑक्साइड मिसळलेला पाण्याचा प्रवाह तांब्याच्या नळीत मागे गेला, तर ते आम्लधर्मी पाणी तांबे विरघळवते. असे पाणी पोटात गेल्यास मळमळ आणि उलट्या होतात.

महाराष्ट्रातील शहरांत वेगळे काय?

आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक तासच येते. उरलेला वेळ वाहिनी रिकामी किंवा अर्धवट भरलेली असते. म्हणजे इतरत्र अपघाताने निर्माण होणारी पोकळी इथे रोजचीच. त्यात थेट वाहिनीला पंप लावून पाणी खेचले की आजूबाजूच्या जोडण्यांतला दाब आणखी घसरतो.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. पालिकेचे पाणी आधी भूमिगत टाकीत पडते आणि तिथून पंपाने गच्चीवर जाते. टाकीत पाणी पडते ते तोंड पाण्याच्या सर्वोच्च पातळीच्या वर असेल, तर मधली मोकळी हवा हेच उत्तम संरक्षण ठरते. पण बॉल कॉक बिघडून टाकी तुडुंब भरली, तोंडाला नळी जोडून ती तळापर्यंत सोडली किंवा तळमजल्यावरच्या दुकानांसाठी टाकी वगळून थेट लाइन घेतली, की हे संरक्षण संपते.

मोठ्या संकुलांत दुसरा धोका आहे तो इमारतीच्या आतच. फ्लशसाठी प्रक्रिया केलेले पाणी वेगळ्या वाहिनीने देण्याची दुहेरी व्यवस्था पाणी वाचवण्यासाठी आवश्यकच आहे. पण प्रक्रिया केंद्र बंद पडले की फ्लशच्या टाकीत पिण्याचे पाणी घ्यावे लागते. त्यासाठी दोन वाहिन्यांत एक तुकडा आणि एक व्हॉल्व्ह टाकला जातो. ‘तात्पुरती’ म्हणून केलेली ही जोडणी तशीच राहते. पुढे सगळा भरवसा त्या एका व्हॉल्व्हवर असतो. तो गळू लागला की दोन पाण्यांमध्ये काहीच उरत नाही.

एनआरव्ही बसवला की पुरे?

नाही. एनआरव्ही, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पंपाला संरक्षण देतो. आरोग्याच्या रक्षणासाठी तो पुरेसा नाही. त्याच्या झडपेखाली वाळूचा कण किंवा क्षाराचा थर अडकला तरी पाणी मागे झिरपते आणि बाहेरून ते दिसत नाही. साध्या एनआरव्हीला चाचणीसाठी तोंडेही नसतात.

सर्वांत खात्रीचा उपाय एअर गॅप, म्हणजे नळाचे तोंड आणि पाण्याची कमाल पातळी यांत मोकळे अंतर. हे अंतर नळाच्या व्यासाच्या किमान दुप्पट असावे, असा प्रचलित संकेत आहे. त्यात कोणताही हलता भाग नाही, त्यामुळे बिघडण्यासारखेही काही नाही.

जिथे एअर गॅप शक्य नाही, तिथे कमी धोक्यासाठी एकामागे एक दोन झडपा असलेला ‘डबल चेक’ आणि जास्त धोक्यासाठी ‘आरपीझेड’ हे उपकरण वापरतात. आरपीझेडमध्ये दोन झडपांच्या मधल्या कप्प्यातला दाब मुद्दाम पुरवठ्यापेक्षा कमी ठेवलेला असतो. झडप गळू लागली की त्या कप्प्याचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी मागे जाण्याऐवजी बाहेर जमिनीवर सांडते. म्हणजे दोष डोळ्यांना दिसतो. म्हणूनच हे उपकरण बेसमेंटमधल्या खड्ड्यात बसवणे चूक आहे. पावसाळ्यात खड्डा भरला आणि रिलीफ व्हॉल्व्हचे तोंड बुडाले, तर तेच दूषित पाण्याचे प्रवेशद्वार बनू शकते.

चाचणी कशी होते?

उपकरणावरच चाचणीसाठी छोटे कॉक असतात. पुढचा व्हॉल्व्ह बंद करून त्यांना दाबातला फरक मोजणारा गेज जोडतात. दोन्ही झडपा पाणी धरून ठेवतात का आणि रिलीफ व्हॉल्व्ह वेळेवर उघडतो का, हे पाहतात. अमेरिकी पद्धतीनुसार हा फरक दोन पीएसआयपर्यंत, म्हणजे सुमारे ०.१४ बारपर्यंत, घसरण्याआधी रिलीफ व्हॉल्व्ह उघडलाच पाहिजे. काम थोड्या वेळाचे, पण तेवढा वेळ पाणी बंद ठेवावे लागते. त्यामुळे रुग्णालयांसारख्या ठिकाणी दोन उपकरणे समांतर बसवतात. अमेरिकेत अनेक ठिकाणी प्रमाणित तंत्रज्ञाकडून दरवर्षी अशी चाचणी करून अहवाल पाणीपुरवठा यंत्रणेला द्यावा लागतो.

दुहेरी व्यवस्थेची तपासणी त्याहून सोपी आहे. पिण्याच्या पाण्याची वाहिनी बंद करून रिकामी करायची, फ्लशची चालू ठेवायची आणि मग प्रत्येक मजल्यावरचे पिण्याचे नळ उघडून पाहायचे. एकाही नळाला पाणी आले, तर कुठेतरी जोडणी आहे. यासाठी महागडे उपकरण लागत नाही, सुट्टीचा एक दिवस लागतो.

नियम आहेत, मग उणीव कुठे?

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये प्लंबिंगसाठी स्वतंत्र भाग आहे. पिण्याच्या पाण्याची वाहिनी अन्य कोणत्याही पाण्याच्या वाहिनीला जोडू नये, हे तत्त्व भारतीय मानकांत जुनेच आहे. पण हे सगळे लागू होते आराखडा मंजूर होताना. इमारत वापरात आल्यावर दहा वर्षांत किती प्लंबर बदलले, किती भाडेकरूंनी पॅन्ट्री हलवली, किती जोडण्या वाढल्या, याचा हिशेब कुठेच राहत नाही.

अग्निसुरक्षेचे उदाहरण समोर आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाला किंवा भोगवटादाराला दर जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र द्यावे लागते. या कायद्याची अंमलबजावणी आदर्श आहे, असे कोणी म्हणणार नाही. पण निदान विचारण्याची तारीख ठरलेली आहे आणि उत्तर देणारा माणूसही. ज्या पाण्याने आग विझवायची त्याची चौकशी वर्षातून दोनदा होते. जे पाणी हजारो माणसे रोज पितात, त्याच्या वाहिनीसाठी असा दाखला मागण्याची पद्धत रूढ नाही. रुग्णालये, हॉटेले, मॉल आणि दुहेरी प्लंबिंगच्या इमारतींपासून वार्षिक तपासणी सुरू करायला पालिकांना हरकत नसावी.

तोपर्यंत काय करता येईल?

इमारतीतल्या सर्व जलवाहिन्यांचा आजच्या स्थितीतला नकाशा करून घ्यावा. वाहिन्यांना वेगवेगळे रंग द्यावेत. ‘तात्पुरत्या’ जोडण्या कापून दोन्ही तोंडे बंद करावीत आणि फ्लशच्या टाकीत पिण्याचे पाणी घ्यायचेच असेल, तर ते वरून, एअर गॅप ठेवूनच घ्यावे. नळावर नियमित ओटी चाचणी करावी. भारतीय मानकानुसार क्लोरिनयुक्त पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरिन उरायला हवे. ते एखाद्याच मजल्यावर नाहीसे होत असेल किंवा टीडीएस अचानक वाढत असेल, तर टाकी धुऊन भागणार नाही, वाहिनी तपासावी लागेल.

बॅकफ्लोने आलेले पाणी दरवेळी गढूळ नसते, त्याला दरवेळी वासही येत नाही. म्हणून तक्रार येईपर्यंत थांबण्याची सोय इथे नाही.