थरथरणारी सुई

परवा पुण्याहून भाची आली होती. ती टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेत काम करते. मी आपला मराठी घेऊन बी. ए. झालेला मास्तर, तिच्या कामातलं मला काय कळणार! तिने सरळ ओट्यावरचा गॅसचा लायटर उचलला आणि माझीच शिकवणी घेतली.

लायटरचा खटका दाबला की आतल्या खास तुकड्यावर दाब पडतो, वीज तयार होते, ठिणगी उडते. क्युरी बंधूंनी हा गुण १८८० साली स्फटिकांत शोधला. याच्या उलटही होतं. वीज दिली की तो तुकडा किंचित हलतो. तीच थरथर काचेच्या बारीक सुईला द्यायची. स्त्रीबीज असतं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं. साधी टोकदार सुई टोचताना त्याचं आवरण आत ताणलं जातं, कधी बीज दगावतं. थरथरणारी सुई बोथट असूनही अलगद आत जाते. उंदराचं बीज तर फारच नाजूक. १९९५ साली हवाई बेटांवर किमुरा आणि यानागिमाची यांना ते याच युक्तीने साधलं. आता ती माणसाच्या बीजासाठीही वापरतात. (मूल होईलच याची हमी मात्र नाही, हे भाचीने दोनदा सांगितलं.)

"पण सुई टोचायचीच कशाला?"

"मामा, पुरुषाचे शुक्रजंतू कमी किंवा अशक्त असले तर ते आपणहून आत शिरत नाहीत. ब्रसेल्सला १९९२ साली हे पहिल्यांदा जमलं, ते अशाच जोडप्यांसाठी."

मी गप्प झालो. आमच्या चुलतवहिनींना सहा वर्षं उपास, गंडेदोरे, दवाखाने झाले आणि शेवटी माहेरी धाडलं. दादांचं दुसरं लग्न लागलं. दुसरीलाही मूल झालं नाही. तरी दादांना तपासा असं कुणी म्हटलं नाही. मी शिकलेला, मीही नाही.

मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा जन्मली ती १९८६ साली. त्याला किती वर्षं झाली! तरी आमच्या साक्रीकडे अजून आधी सुनेलाच दवाखान्यात नेतात. माझं म्हणणं एवढंच, की पहिली तपासणी नवऱ्याची करा. ती सगळ्यांत सोपी आणि कमी खर्चाची. काही नवरे त्यालाही तयार होत नाहीत, असं भाची सांगत होती.

वहिनी अजून आहेत, पिंपळनेरकडे भावाजवळ. भाचीला घेऊन एकदा जावं असं मनात येतं. पण आता त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं?