औषधाचे पक्के बिल आणि आपली कच्ची सवय

विश्रांतवाडीत लोखंडी ग्रिल व दरवाजे बनविणारे आमच्या ओळखीचे एक कारागीर आहेत. त्यांच्या अब्बांना हृदयाच्या त्रासामुळे पाच दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. मेडिक्लेम पॉलिसी होती, रुग्णालयाचा खर्च मिळाला. परंतु घरी आल्यानंतर दोन महिने जी औषधे चालली, त्यांच्या रकमेतून निम्म्याहून अधिक पैसे कापले गेले. "हप्ता घेताना यांना काही लागत नाही, देताना मात्र शंभर कागद लागतात," असे म्हणत त्यांनी फाइल आमच्यापुढे टाकली.

फाइल चाळली आणि खरा प्रकार ध्यानात आला. काही ठिकाणी बिल नव्हतेच. पॅडच्या कोऱ्या पानावर 'औषधे' एवढा एकच शब्द आणि खाली आकडा. काही बिलांवर अब्बांऐवजी दुकानात गेलेल्या नातवाचे नाव. तीन बिलांना डॉक्टरांची चिठ्ठीच जोडलेली नव्हती. भाईंचा राग आम्हाला समजतो. परंतु या वेळी दोष आपल्याच कागदांचा होता.

आपल्याकडील नेहमीची पॉलिसी ही मुळात रुग्णालयात दाखल होण्याची पॉलिसी आहे. दवाखान्यात दाखवून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांचे पैसे ती एरवी देत नाही. अपवाद एवढाच, की दाखल होण्यापूर्वीचे व घरी सोडल्यानंतरचे काही दिवस ती धरते. १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांकडे मिळू लागलेल्या 'आरोग्य संजीवनी' या पॉलिसीत हे दिवस अनुक्रमे ३० व ६० आहेत. मात्र औषध त्याच आजाराचे असले पाहिजे. हृदयासाठी दाखल झालेल्या माणसाच्या बिलात गुडघेदुखीची गोळी आली, तर ती कापली जाणारच.

ही पडताळणी आकड्यांवरून होते. रुग्णालय आपल्या फॉर्ममध्ये आजाराचे नाव लिहिते, तसाच त्याचा जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेला कोडही लिहिते. रक्तदाबाचा आय १०, मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहाचा ई ११. तपासणारा माणूस हा कोड, डॉक्टरांची चिठ्ठी आणि मेडिकलचे बिल शेजारी ठेवतो. तिन्ही जुळले तर पैसे, नाही तर शेरा. अमेरिकेत तर दवाखान्यात टोचलेल्या इंजेक्शनलाही स्वतंत्र कोड असतो. दुखण्यावरच्या केटोरोलॅकचा कोड जे १८८५ आहे व तो १५ मिलिग्रॅमला एक असा मोजतात. ३० मिलिग्रॅम टोचून एकच लिहिला, तर डॉक्टरचेच नुकसान! कागदाची ही शिस्त सगळ्या जगात आहे.

मग आपण पक्के बिल का घेत नाही? कारण आपल्यालाच ते देण्याची सवय नाही. कापड असो, फर्निचर असो वा गॅरेजचे काम असो, "बिल घेतले तर टॅक्स लागेल" हे वाक्य आपण गिऱ्हाइकाला ऐकवतो आणि मेडिकलवाल्याकडून तेच ऐकून गप्प बसतो. औषधाच्या बाबतीत तर ते सपशेल खोटे आहे. पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात. बिल मागितल्याने एक पैसाही वाढत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. शिवाय औषध विक्रीचे बिल व त्याची प्रत ठेवण्याची तरतूद १९४५ च्या औषध नियमांतच आहे. तेव्हा बिल मागणे म्हणजे दुकानदारावर अविश्वास नव्हे.

याचा अर्थ विमा कंपन्यांची बाजू बरोबर आहे असा नाही. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी माणूस जन्मभर घेतो. हातावर पोट असलेल्या कारागिराचे कंबरडे याच रोजच्या खर्चाने मोडते. ती गोळी बंद पडून माणूस खाटेला खिळला की पॉलिसी धावून येते, हा उफराटा न्याय आहे. बाहेरच्या औषधांचा समावेश नेहमीच्या पॉलिसीत झाला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे अशक्य नाही. १९४८ च्या कायद्याने आलेली कर्मचारी राज्य विमा योजना कामगाराला व त्याच्या कुटुंबाला दवाखान्यातील औषधेही देते. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी मालकाने सव्वातीन टक्के व कामगाराने पाऊण टक्का भरायचा असतो. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आपल्या कारखानदार बांधवांनी हा खर्च बुडीत समजून माणसे कागदावर कमी दाखवू नयेत. त्यात कामगाराच्या घरातली औषधाची बाटली बुडते.

तोवर आपल्या हाती आहे तेवढे करावे. प्रत्येक खरेदीला अनुक्रमांक, तारीख, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव, नग व बॅच क्रमांक असलेले बिल घ्यावे. चिठ्ठीची झेरॉक्स त्याच दिवशी बिलाला जोडावी. डिस्चार्ज कार्डावर चालू ठेवायची औषधे नीट लिहून घ्यावीत. ६० दिवस संपताच दावा करावा. 'आरोग्य संजीवनी'त त्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे. पैसे नाहक कापले तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही, तर पुण्यातच विमा लोकपालांचे कार्यालय आहे आणि तेथे फी लागत नाही.

ग्रिलवाल्या भाईंनी आता दुकानात बिलबुक छापून घेतले आहे. पहिले पक्के बिल त्यांनी एका मेडिकलवाल्यालाच दिले, शटरच्या दुरुस्तीचे. त्या मेडिकलवाल्याकडून औषधाचे बिल मागताना आता त्यांना संकोच वाटत नाही.