आमच्या पुढच्या कोचबद्दल: पार्थ जिंदल यांना खुले पत्र

माननीय पार्थ जिंदल यांस,


बंगळुरू एफसीचा मुख्य प्रशिक्षक कोण असावा, हे शेवटी क्लबचे मालक म्हणून तुम्हीच ठरवणार. पण त्यावरची चर्चा आमच्याकडे बारा महिने चालते. सामना संपला की आम्ही कंठीरव स्टेडियममधून बाहेर पडतो, कब्बन पार्कला मेट्रो पकडतो, मॅजेस्टिकला गाडी बदलतो आणि बनशंकरी येईपर्यंत वाद घालत राहतो. घसा बसलेला, निळे शर्ट घामाने भिजलेले, कन्नड, तमीळ, मल्याळम आणि मधूनच आमची मराठी. कुणाला पुन्हा स्पेनचा माणूस हवा असतो, कुणाला इंग्लिश शिस्त. एखादं भारतीय नाव निघालं की मात्र ठरलेलं उत्तर येतं: “नवा कोच येईपर्यंत ठीक आहे.” आमच्यातल्या जाणत्या लोकांनाही असंच वाटतं याचं मला वाईट वाटतं. आणि ही समजूत क्लबच्या वागण्यातूनच तयार झाली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

2013 पासूनची नावं पाहा. अ‍ॅश्ले वेस्टवूड, आल्बर्ट रोका, कार्लेस क्वाद्रात, मार्को पेझाइओली, सायमन ग्रेसन, जेरार्ड झारागोझा. वेस्टवूड यांनी तीन हंगामांत दोनदा आय-लीग जिंकून दिली. रोका यांनी 2016 मध्ये संघाला एएफसी कपच्या अंतिम फेरीत नेलं, तिथवर त्याआधी एकही भारतीय क्लब पोहोचला नव्हता. या माणसांचं ऋण आम्ही मानतो. पण याच काळात भारतीय प्रशिक्षकाच्या वाट्याला मुख्य जागा आली ती हंगाम अर्ध्यावर मोडल्यावर, दुसरा कुणी सापडेपर्यंत. जानेवारी 2021 मध्ये क्वाद्रात गेले, तेव्हा मुंबईचे नौशाद मूसा हंगामी प्रशिक्षक म्हणून उभे राहिले. हंगाम संपायच्या आतच, फेब्रुवारीत, पेझाइओली यांचं नाव जाहीर झालं. डिसेंबर 2023 मध्ये ग्रेसन गेल्यावर सहायक प्रशिक्षक रेनेडी सिंग यांच्याकडे काही दिवस सूत्रं आली आणि आठवड्याभरात झारागोझा यांची नेमणूक झाली.

मूसा यांनी त्यानंतर काय केलं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 2021 च्या ड्युरँड कपमध्ये त्यांनी पोरसवदा संघ उपांत्य फेरीपर्यंत नेला. एफसी गोवाविरुद्धचा तो सामना पेनल्टी शूटआउटमध्ये गेला. 2022 मध्ये त्यांच्याच हाताखाली आपला राखीव संघ डेव्हलपमेंट लीगचा विजेता ठरला. पुढे देशाने त्यांच्याकडे 23 वर्षांखालील संघ सोपवला. आपल्या मुख्य संघासाठी पूर्ण मुदतीचा करार मात्र त्यांना कधी मिळाला नाही.

सहायकाला बढती देणं तुम्हाला नवीन आहे असंही नाही. क्वाद्रात हे रोका यांचे सहायकच होते. 2018 मध्ये तुम्ही त्यांना वर आणलंत आणि पहिल्याच हंगामात त्यांनी इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकली. 17 मार्च 2019 चा अंतिम सामना, अंधेरीचं मैदान, जादा वेळेतलं 117 वं मिनिट: दिमास देलगाडोचा कॉर्नर आला, आपल्या मुंबईकर राहुल भेकेने डोकं लावलं, चेंडू जाळ्यात. गोव्याविरुद्धचा तो एकमेव गोल आठवला की आजही अंगावर काटा येतो. झारागोझाही क्वाद्रात यांच्या हाताखाली इथेच काम केलेले. म्हणजे घरातल्या माणसावर विश्वास टाकायची पद्धत क्लबमध्ये आहे. तो विश्वास भारतीय सहायकाच्या वाट्याला का येत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

यावर मेट्रोत मला नेहमी ऐकवतात की परदेशी माणूस दडपण सहन करतो. मला हे पटत नाही. दडपण सहन करायला वेळ लागतो आणि तो वेळ क्लबने द्यायचा असतो. 2022-23 च्या हंगामात ग्रेसन यांचा संघ पूर्वार्धात पराभवामागून पराभव पत्करत होता. तुम्ही घाई केली नाहीत. त्याच संघाने साखळीतले शेवटचे आठ सामने ओळीने जिंकले आणि अंतिम फेरी गाठली. तो तुमचा फार चांगला निर्णय होता. हाच धीर भारतीय माणसाच्या पहिल्या चार पराभवांनंतर धरला जाईल का, याची मला काळजी वाटते.

खालिद जमील यांचंच घ्या. मुंबईच्या मैदानांवर घडलेला माणूस. नॉर्थईस्ट युनायटेडने 2021 मध्ये त्यांना आधी हंगामी म्हणून बसवलं, त्यांनी संघ प्लेऑफमध्ये नेला आणि क्लबने त्यांनाच कायम केलं. आयएसएलमधले ते पहिले पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक. ऑगस्ट 2025 मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. पहिल्याच स्पर्धेत ओमानला शूटआउटमध्ये हरवून भारत तिसरा आला. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून हरलो आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली, हेही खरं. हरणं-जिंकणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं. जमील यांना निदान दोन्हींची जबाबदारी आपल्या नावावर घेता आली.

भारतीय म्हणून सवलत द्या, असं माझं म्हणणं नाही. पुढच्या वेळी खुर्ची रिकामी होईल तेव्हा प्रो लायसन्स असलेल्या भारतीय प्रशिक्षकांनाही बोलवा, परदेशी उमेदवारांना विचाराल तेच त्यांना विचारा. आणि निवड कोणत्या कसोटीवर करणार, ते आम्हा पाठीराख्यांना आधी सांगा: खेळाची शैली, अकादमीतली किती मुलं वर आणायची, निकालासाठी किती मुदत. क्लबच्या विजयनगरमधल्या अकादमीत तुम्ही एवढा पैसा ओतता. तिथल्या मुलाला भारतीय खेळाडू म्हणून वर जायची वाट दिसते. तिथे शिकवणाऱ्या प्रशिक्षकालाही ती दिसू द्या. या भारतीय प्रशिक्षकांपैकी लायक ठरेल त्याला किमान दोन हंगामांचा करार द्या आणि त्याच्या नावापुढचं ‘हंगामी’ काढा. संघ हरला तरी आम्हा पाठीराख्यांचा वेस्ट ब्लॉक त्याच्यामागे उभा राहील याची खटपट आम्ही करू. मेट्रोतले वाद जिंकायची जबाबदारी माझी.

कळावे,
बनशंकरीतला एक मराठी पाठीराखा