फाटक किती वाजता उघडतं?

दिल्लीला पोस्टिंग निघालं की ओळखीच्यांचे फोन येतात. क्वार्टर कधी मिळेल आणि मुलांच्या शाळेचं काय, हे दोन प्रश्न ठरलेले. तिसरा प्रश्न फक्त पळणारे विचारतात. "सर, तिथे धावायचं कुठे? त्या धुरात?"

मी सांगतो की धावायला दिल्लीइतकं श्रीमंत शहर मी पाहिलेलं नाही. समोरचा हसतो. त्याला वाटतं, साहेब दिल्लीत राहून बिघडले. पण मी हे पुष्कळ ठिकाणी धावून झाल्यावर म्हणतोय. खडकवासल्याला एनडीएत क्रॉस-कंट्रीत सिंहगडाकडे बघत दम तोडला, राजस्थानात घोट्यापर्यंत वाळूत पाय ओढले, लडाखमध्ये शंभर पावलांत छाती भरून आली. इतकं सगळं झाल्यावर चाळिशी ओलांडून दिल्लीत आलो आणि रविवारची वाट बघायला लागलो.

माझे रस्ते सांगतो, नव्याने येणाऱ्यांना उपयोगी पडतील. पहिला लोधी गार्डन. नव्वद एकरांची बाग, मध्ये सय्यद आणि लोदी सुलतानांचे मकबरे, बडा गुंबद, शीश गुंबद आणि अकबराच्या काळातला आठपुला पूल. प्रवेश फुकट. दुसरा मेहरौलीचा पुरातत्त्व उद्यानाचा. कुतुबमिनाराच्या बाजूला सुमारे दोनशे एकर, बल्बनाची कबर, जमाली-कमालीची मशीद, राजों की बावली. पायवाटा चढउताराच्या, गुडघ्यांना बऱ्या. तिसरा त्याच्याच शेजारचं संजय वन. तिथे किकराच्या झाडीत लालकोटची जुनी तटबंदी दिसते, आणि तिच्याकडेने धावताना मोर आडवे जातात. चौथा गुरुग्रामचं अरावली जैवविविधता उद्यान. ही पूर्वी दगडाची खाण होती. लोकांनी २०१० पासून तिथे धाऊसारखी मूळची अरावलीची झाडं लावून जंगल उभं केलं. आज तिथे धावताना खाण होती हे सांगूनही पटत नाही.

मराठी माणसाला तर दिल्लीत धावताना अभ्यास केल्याशिवाय राहवत नाही. १७३७ मध्ये बाजीराव पेशवे दिल्लीच्या वेशीवर येऊन धडकले, तेव्हाची चकमक तालकटोऱ्याच्या आसपासची. त्या बाजूचा रिज, म्हणजे दिल्लीतून जाणारी अरावलीची शेवटची कणा, सरदार पटेल मार्गाने धावताना उजव्या-डाव्या हाताला सोबत असतो. यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत ११ सप्टेंबर १८०३ ला शिंद्यांची फौज जनरल लेककडून हरली आणि दिल्ली इंग्रजांच्या हातात गेली. त्या लढाईचा स्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आत उभा आहे. बघायचा असेल तर आधी फाटकावर विचारावं लागतं.

मला बोलायचंय ते याच फाटकाबद्दल. मतं माझी वैयक्तिक आहेत, हे नेहमीप्रमाणे समजून घ्या.

मी गुहागरचा. धावायला शिकलो ते तिथल्या किनाऱ्यावर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाळू, वर सुरूची झाडं, त्यांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या. ओहोटीला ओली वाळू इतकी घट्ट होते की अनवाणी पळावं. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आमचं टाइमटेबल आठवड्या-आठवड्याला बदलायचं. कधी पहाटे चारला, कधी शाळा सुटल्यावर. कोणाला विचारायला लागलं नाही. समुद्राला फाटक नव्हतं, वॉचमन नव्हता आणि आमच्यापैकी कोणाकडे बूटही नव्हते. एनडीएच्या परीक्षेआधी मला कोणी कोचिंग दिलं असेल तर त्या वाळूने.

दिल्लीत आल्यावर पहिल्या हिवाळ्यात एका पहाटे विमानतळाकडे जाताना नजफगडच्या बाजूच्या रस्त्यावर गाडीच्या दिव्यात तीन मुलं दिसली. वेळ साडेचारची. धुकं होतं. मुलं सर्व्हिस रोडच्या कडेने पळत होती, एकाच्या हातात मोबाइलचा टॉर्च. पुढच्या आठवड्यात पुन्हा दिसली. तिसऱ्यांदा मी गाडी थांबवली. अंदाज होता तोच निघाला. भरतीची तयारी. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारलं की पूर्ण साठ गुण, हे त्यांना तोंडपाठ. एक मुलगा दिवसा डिलिव्हरीचं काम करतो, दुसरा वडिलांच्या दुकानात, तिसरा आयटीआयला. त्यांना वेळ मिळतो तो पहाटे चार ते साडेपाच.

मी विचारलं, बागेत का नाही जात? मधला म्हणाला, "साहब, बाग तो छह बजे खुलती है. छह बजे तो मैं गोदाम पे होता हूँ."

मार्च २०२२ मध्ये नोएडात मध्यरात्री काम संपवून दहा किलोमीटर धावत घरी जाणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा व्हिडिओ देशभर फिरला होता, तो तुम्हाला आठवत असेल. सैन्यात जायचंय म्हणून धावतोय म्हणाला. आपण सगळ्यांनी तो फॉरवर्ड केला, डोळे पुसले, जिद्दीला सलाम केला. माझ्या बॅचच्या ग्रुपवर तो एका दिवसात पाच वेळा आला. तो गाड्यांमधून रात्री का धावत होता, हा प्रश्न ग्रुपवर कोणी विचारला नाही. मीही नाही.

ही हिरवी जागा दिल्लीत टिकली कशी, तेही बघा. फिरोजशहा तुघलकाला शिकार करायची होती म्हणून रिजवर त्याचे शिकारमहाल आहेत, मालचा महाल त्यातलाच. मेहरौलीत थॉमस मेटकाफ या कंपनीच्या बड्या साहेबाने १८४० च्या दशकात एका मुघल सरदाराच्या कबरीचाच बंगला केला, नाव ठेवलं दिलकुशा, आणि आजूबाजूला शोभेच्या छत्र्या आणि बोटींसाठी घाट बांधून आपली इस्टेट सजवली. लोधी गार्डनच्या जागी खैरपूर नावाचं गाव होतं. गाव उठवलं आणि १९३६ मध्ये बाग उघडली, नाव लेडी विलिंग्डन पार्क. स्वातंत्र्यानंतर नाव बदललं. बडे लोक आपल्यासाठी राखून ठेवायचे म्हणूनच या जागा इमारतींपासून वाचल्या, आणि पुढे कोणीतरी फाटक उघडलं म्हणून आपल्या झाल्या. ते उघडण्याचं काम पूर्ण झालेलं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. सहा वाजता उघडणारी बाग माझ्यासारख्या ऑफिसला नऊला जाणाऱ्याची आहे. सहाला गोदामात हजर होणाऱ्याला ती बंदच.

यावर जे आक्षेप घेतले जातात ते मला माहीत आहेत, आणि सगळे खोटे नाहीत. अंधारात सुरक्षेचं काय? बायका-मुलींना त्रास झाला तर? कबरींवर कोणी नावं कोरली तर? रिजच्या जंगलाबाबत तर मी स्वतःच म्हणेन की रात्री बंद ठेवा. ती जनावरांची वेळ आहे. असोला भाटीत बिबटे आहेत, आणि पहाटे चारला तिथे धावणं मी जवानालाही सांगणार नाही.

पण बागांचं तसं नाही. मी अख्खी बाग उघडा म्हणत नाही. फाटकाजवळची दीड-दोन किलोमीटरची एक वाट, स्मारकांपासून लांब, दिवे असलेली, पहाटे चारपासून. वॉचमन रात्रभर तिथे असतोच, फक्त त्याचं काम थोडं बदलेल. ड्यूटीवरच्या माणसाला हुकूम स्पष्ट असला की तो पाळतो, हे मी वीस वर्षांच्या नोकरीवरून सांगतो. आणि एक विनंती, ती वाट मातीचीच राहू द्या. सुशोभीकरण म्हटलं की आपल्याकडे आधी फरशा येतात. फरशीवर चालता येतं, पण रोज धावलं की नडगीची हाडं बोलायला लागतात.

आता स्वतःच्या घरात बघू. हिरवळ राखून ठेवणाऱ्यांमध्ये आम्हीही आहोत. कॅन्टोन्मेंटच्या मोकळ्या रस्त्यांवर धावताना मला कधी ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही. आमचं फाटक सुरक्षेसाठी असतं, ते कारण खरं आहे आणि त्यात मी तडजोड सांगणार नाही. पण प्रत्येक छावणीत कडेला एखादं मैदान असं असतंच की ज्याला आतल्या भागाशी काही देणंघेणं नाही. आधारकार्ड बघून, यादी करून, भरतीच्या आधीचे तीन महिने पहाटे दीड तास ते मैदान आसपासच्या गावातल्या मुलांना देता येईल. उद्या यांनाच आम्ही फॉल-इन करायला लावणार आहोत. त्यांचे गुडघे आजच सांभाळले तर फायदा आमचाच.

हवेचंही बोलायला हवं. नोव्हेंबर ते जानेवारी एक्यूआय चारशेच्या वर गेला की मी धावत नाही, जिममध्ये जातो. तुम्हीही जा. त्या मुलांना मी हेच सांगितलं. ते मान हलवून ऐकत होते. जिम त्यांच्याकडे नाही आणि भरतीची तारीख हवा बघून ठरत नाही. झाडीतल्या वाटेवर निदान समोरून डिझेलचा धूर तरी तोंडावर येत नाही.

एका रविवारी त्यांना गाडीत घालून मेहरौलीला नेलं. फाटकापाशी धाकटा थबकला. "साहब, यहाँ टिकट लगता होगा." लागत नाही म्हटलं तरी दोनदा विचारलं. मग जे पळाले, मी मागेच राहिलो. बल्बनाच्या कबरीपाशी उभं राहून मधल्याने विचारलं की हे सगळं आपलंच आहे का, कधीही येऊ शकतो का. मी हो म्हणालो. सहानंतर, हे सांगायचं टाळलं.

जानेवारीत दाट धुक्यात त्या मधल्यालाच मागून आलेल्या एका टेम्पोने उडवलं. टेम्पो थांबला नाही. जीव वाचला. घोट्यात सळई घातली आहे. अग्निवीरला वयोमर्यादा आहे, आणि पुढच्या जूनमध्ये तो एकवीस पूर्ण करतो. भेटायला गेलो तेव्हा त्याने मला एकच विचारलं, सळई असेल तर मेडिकलमध्ये काढतात का. मी म्हणालो, आधी बरा हो.

बाकीचे दोघे अजून त्याच रस्त्यावर धावतात. आता पाठीला चमकणारी पट्टी बांधतात, ती मी दिली. ती देताना मला बरं वाटलं नाही.

तुम्ही दिल्लीत येत असाल तर बुटांचे दोन जोड आणा, एक मातीसाठी. वर सांगितलेल्या सगळ्या वाटा धावा, मजा येईल. आणि ज्या बागेत धावाल तिच्या ऑफिसात एक अर्ज टाका, की फाटक दोन तास आधी उघडा. मी माझे दोन टाकले आहेत. उत्तर यायचं आहे. तिसरा अर्ज कुठे द्यायचा ते मला ठाऊक आहे. तो आमच्याच फाटकावर द्यायचा आहे, आणि या सोमवारी मी तो देणार आहे.