‘चोवीस तास थांबा’ हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?

मूल हरवलं आणि आईबाप पोलीस ठाण्यात गेले की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : ‘चोवीस तास वाट बघा, येईल.’ मुलगी असेल तर त्यापुढे आणखी एक : ‘वय काय तिचं? सोळा? मग गेली असेल कुणाबरोबर तरी.’ पहिलं वाक्य आपल्या देशातल्या कुठल्याही कायद्यात नाही. दुसरं म्हणजे तपास सुरू होण्याआधीच दिलेला निकाल.

आपल्यातले बरेच जण परदेशी मालिका बघून असं धरून चालतात की, तिकडे मूल हरवलं की हेलिकॉप्टर उडतं, कुत्री सुटतात, सगळ्यांच्या मोबाइलवर अलर्ट येतो. यात थोडं खरं आहे. १९९६मध्ये टेक्सासच्या आर्लिंग्टनमध्ये अँबर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीला पळवून नेऊन मारलं गेलं. ‘अँबर अलर्ट’ची व्यवस्था त्यानंतर उभी राहिली. पण हा अलर्ट अपहरणाची दाट शंका आणि जिवाला धोका असेल तरच निघतो. घरातून निघून गेलेल्या पोरांसाठी सहसा नाही. माझ्या मते तिथली खरी कमाई वेगळी आहे, आणि ती कुठल्याच मालिकेत दिसत नाही. १९९०च्या कायद्याने अमेरिकेत हरवलेल्या मुलाची तक्रार घेण्यासाठी ‘थांबा’ म्हणायलाच मनाई झाली. २००६पासून तर दोन तासांच्या आत मुलाची माहिती देशभरच्या पोलिसांच्या नोंदीत गेलीच पाहिजे. वॉशिंग्टन राज्यात झालेल्या एका अभ्यासात दिसलं की अपहरण करून मारल्या गेलेल्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलं पहिल्या तीन तासांतच मारली गेली होती. अशी प्रकरणं विरळ असतात हे खरं. पण ठाण्यात आलेलं आपलं प्रकरण त्यातलं नाही, हे हवालदाराला बसल्या जागी कसं कळणार?

सगळा तपास इथेच अडतो. यंत्रं, कॅमेरे, अलर्ट हे सगळं नंतरचं. समोरची बाई कोण आहे, कुठल्या वस्तीतली आहे, यावरून तिच्या पोराची काळजी किती करायची हे ठरतं. म्हणून मला बेल्जियमची गोष्ट जास्त सांगावीशी वाटते.

ऑगस्ट १९९२मध्ये ब्रुसेल्सच्या इक्सेल भागातून लुब्ना बेनाइसा ही नऊ वर्षांची मुलगी गेली. मोरोक्कोतून आलेलं कुटुंब. पोरगी दुकानात दही आणायला गेली ती परत आलीच नाही. तपास कसाबसा झाला आणि फाइल थंडावली. पुढे १९९६च्या उन्हाळ्यात मार्क द्युत्रूचं प्रकरण फुटलं. या माणसाने मुली पळवून घराच्या तळघरात कोंडल्या होत्या. आदल्या वर्षी त्या घराची झडती झाली होती, मुलांचे आवाजही ऐकू आले होते, पण ते रस्त्यावरून येत असतील असं ठरवून पोलीस निघून गेले. वेगवेगळी पोलीस दलं एकमेकांना माहिती देत नव्हती. देश पेटला. २० ऑक्टोबर १९९६ला ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर सुमारे तीन लाख माणसं पांढरे कपडे, पांढरे फुगे घेऊन उतरली. त्या गर्दीसमोर इतर आईबापांबरोबर डोक्यावर रुमाल बांधलेली एक अठरा वर्षांची मुलगी उभी राहिली : लुब्नाची मोठी बहीण नबेला. अम्मी-अब्बूंना जे त्या भाषेत ठामपणे मांडता येत नव्हतं, ते ती संयमाने मांडत राहिली. माझ्या बहिणीची फाइल पुन्हा उघडा, एवढंच तिचं मागणं होतं.

फाइल उघडली. मार्च १९९७मध्ये लुब्नाचा मृतदेह घरापासून थोड्याच अंतरावरच्या एका पेट्रोल पंपाच्या तळघरात सापडला. तिथला माणूस पूर्वीही मुलांवरच्या लैंगिक अत्याचारात सापडलेला होता, आणि त्याचं नाव १९९२च्या कागदांतही होतं. साडेचार वर्षं त्या घरच्यांनी वाट बघितली. संसदेच्या चौकशीत पोलिसांचा निष्काळजीपणा उघड झाला, १९९८मध्ये कायदा करून पोलीस दलं एका रचनेत आणली गेली. आता तिथे तेरा वर्षांखालचं मूल हरवलं की प्रकरण आपोआप ‘चिंताजनक’ धरलं जातं. कुटुंब कुठलं, रंग कुठला हे बघायची मुभाच ठेवलेली नाही.

हे ऐकून कुणी म्हणेल, मुसलमान होते म्हणून असं झालं. थोडं असेलही. पण मग पाकिस्तानातल्या कसूर शहराकडे बघा. जानेवारी २०१८मध्ये तिथून झैनब ही चिमुकली कुराण शिकायला जाताना नाहीशी झाली. आईवडील उमराहला गेले होते. सीसीटीव्हीतलं चित्रण नातेवाइकांनीच शोधून पोलिसांना दिलं. पाच दिवसांनी मृतदेह कचऱ्याच्या ढिगात सापडला. आरोपी वस्तीतलाच निघाला, आणि आधीच्या बऱ्याच मुलींच्या प्रकरणांतही त्याचाच डीएनए जुळला. त्यातल्या एका प्रकरणात पोलिसांनी २०१७मध्येच एका तरुणाला ‘आरोपी’ म्हणून चकमकीत मारून टाकलं होतं. केस संपली, शाबासकी मिळाली, आणि खरा गुन्हेगार मोकळा फिरत राहिला. एन्काउंटरची बातमी आली की टाळ्या वाजवणाऱ्या, आपल्यातल्याही, दोस्तांनी हे एकदा शांतपणे वाचावं. पोलीस मुसलमान, कुटुंब मुसलमान, आरोपी मुसलमान. तरी गरिबाच्या पोरीची फाइल तशीच पडून राहिली.

आपल्याकडे नोएडाच्या निठारीत हेच झालं. पोटासाठी बाहेरून आलेल्या मजुरांची मुलं एकामागून एक नाहीशी होत होती, आईबाप चकरा मारत होते, त्यांना हाकलून दिलं जात होतं. डिसेंबर २००६मध्ये नाल्यात हाडं सापडली. २०२३मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरोपींना सोडताना तपासावर कडक ताशेरे ओढले. म्हणजे सुरुवातीला ऐकलं नाही आणि नंतर धड तपासलंही नाही.

कायदा मात्र आपल्याकडे कमजोर नाही. ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३मध्ये स्पष्ट सांगितलं : मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचा, आणि उलटं सिद्ध होईपर्यंत ते अपहरण किंवा तस्करी आहे असंच धरायचं. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे द्यायचा. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो, निदान कागदावर असतो. ‘आमची हद्द नाही’ हेही कारण चालत नाही. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि प्रत फुकट मिळते.

मागे एका आईबरोबर मी ठाण्यात गेले होते. हवालदार साध्या मिसिंगच्या रजिस्टरात नाव लिहून आम्हाला वाटेला लावत होते. मी निकालाची छापील प्रत टेबलावर ठेवली. दोन तास बाकावर बसवून ठेवलं, पण एफआयआर झाला. निकालाचं नाव घेतलं नसतं तर झाला असता असं मला वाटत नाही.

पण सगळा दोष खाकीला देऊन मोकळं होता येणार नाही. आपल्या घरांमध्ये मुलगी संध्याकाळी आली नाही तर पहिला फोन मामूला जातो, मग खालाला, मग एखाद्या आमिलकडे चक्कर होते. ठाण्यात जायला तिसरा दिवस उजाडतो. कारण काय, तर इज्जत. पोलीस ज्या शंकेने तिच्याकडे बघतात, तीच शंका आधी घरातल्यांनी घेतलेली असते. इंग्लंडमध्ये मूल परत आलं की ७२ तासांच्या आत एखाद्या त्रयस्थ माणसाने त्याच्याशी बोलून घर का सोडलं हे विचारावं, असा सरकारी दंडक आहे. आपल्याकडे मुलगी परतली की तिचा मोबाइल काढून घेतात आणि निकाहाची बोलणी सुरू करतात. ती का गेली होती हे कुणी विचारत नाही.

मन लावून केलेला तपासही आपल्याच राज्यात बघायला मिळतो. मुंबईच्या डी. एन. नगर ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्याकडे २००८ ते २०१५ या काळात १६६ हरवलेल्या मुलींची प्रकरणं होती; १६५ मुली सापडल्या. राहिलेल्या एकीचा फोटो ते निवृत्तीनंतरही जवळ बाळगत होते. ती मुलगी ऑगस्ट २०२२मध्ये, नऊ वर्षांनी, घरापासून फार लांब नसलेल्या वस्तीत सापडली. जुन्या शोधपत्रकावर पाच फोन नंबर होते. चार बंद पडले होते, शेजाऱ्याचा एक चालू होता.

हे वाचून उद्या कुणाचाही फोटो व्हॉट्सॅपवर पुढे ढकलू नका. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. अफवा फोनवरूनच पसरली होती. हरवलेल्या मुलाचा फोटो पाठवायचाच तर एफआयआर क्रमांक आणि ठाण्याचं नाव घालून पाठवा, आणि मूल सापडलं की फोटो काढून टाकायला सांगा.

आपल्या मोहल्ल्यांत मशिदीच्या भोंग्यावरून ‘अमुक रंगाचा कुर्ता घातलेलं मूल हरवलं आहे’ अशी घोषणा कित्येक वर्षांपासून होते. अँबर अलर्टच्या आधीचा अलर्ट म्हणा हवं तर. मला एवढंच हवंय की ती घोषणा होत असतानाच दोघं जण आईबापांबरोबर ठाण्याच्या वाटेला लागलेले असावेत, हातात मुलाचा अलीकडचा फोटो आणि वयाचा दाखला घेऊन. नोंद झाली नाही तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयात जावी, तिथेही ऐकलं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. १०९८ हा नंबर रात्रीही चालतो. तुमच्या ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचं नाव या आठवड्यात जाऊन विचारून या; मूल हरवलेलं नसताना विचारलं तर सांगतात.