गणिताची सेट-नेट : परीक्षा रद्द नको, फळा ताब्यात हवा

गणितात एम.एस्सी. झालेल्या आपल्या पोरापोरींना दोन बाजूंनी दोन वाक्ये ऐकावी लागतात. सेटचा निकाल लागला की संस्थावाले म्हणतात, "जागा राखीव आहे हो, पण लायक उमेदवार कुठे आहे?" आणि आपल्याच चळवळीतले काही कार्यकर्ते म्हणतात, "ही परीक्षाच मनुवादी आहे, रद्द करा." पहिले वाक्य खोटे आहे. दुसरे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारे आहे.

मी समाजशास्त्राचा एम.ए. असून गणितज्ञ नाही. पण वर्गात कोण शिकवणार हे ठरवणारी परीक्षा हा समाजशास्त्राचाच विषय आहे. जुलै २०२३ पासून यूजीसीच्या नियमाने सहायक प्राध्यापक व्हायला नेट किंवा सेट ही किमान अट आहे. संशोधनाची जेआरएफही नेटमधूनच मिळते, सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये. बदनापूर, मंठा, घनसावंगीच्या शेतमजुराच्या घरात या रकमेचा अर्थ काय, हे सांगायची गरज नाही.

आता परीक्षा पाहा. सेटचा दुसरा पेपर म्हणजे दोन तासांत १०० प्रश्न, २०० गुण. सीएसआयआर नेट तीन तासांची, तीही २०० गुणांची. तिच्या 'क' भागात एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात. ते सगळे ओळखले तरच गुण, एक सुटला तर शून्य. अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जेब्रा, ग्रुप थिअरी, टोपोलॉजी, डिफरन्शियल इक्वेशन्स असे बी.एस्सी.पासूनचे सगळे एकाच बैठकीत. आपल्या महाविद्यालयांत मात्र सेमिस्टर संपले की विषय संपतो. पहिल्या सेमिस्टरचे ग्रुप थिअरी चौथ्यात कोणी विचारत नाही.

एक उदाहरण घ्या. क्लोज्ड आणि बाउंडेड इंटर्व्हलवरचे कंटिन्युअस फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस असते. याची सिद्धता गाइडमधून पाठ करून लिहिली की विद्यापीठाच्या पेपरात गुण मिळतात. सेट-नेट विचारते, इंटर्व्हल ओपन केला तर काय होईल? शून्य ते एक या ओपन इंटर्व्हलवर 'एक भागिले एक्स' घेतले की सगळे कोसळते. अट का घातली आहे, हे ज्याला वर्गात कोणी सांगितले तो सुटतो. ज्याला फक्त सिद्धता उतरवून दिली तो अडकतो. यात बुद्धीचा प्रश्न कुठे आला? शिकवण्याचा प्रश्न आहे.

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत गणिताच्या मास्टर्सला अशीच सर्वंकष परीक्षा असते. पण ती तोच विभाग घेतो, ज्याने शिकवले. पोरे सरसकट नापास झाली तर विभागालाही तोंड दाखवावे लागते. आपल्याकडे शिकवणारा एक, तपासणारा दुसरा आणि अपयशाचा धनी एकटा विद्यार्थी.

आणि शिकवतो कोण? अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावरचा सीएचबी प्राध्यापक, जो पुढच्या वर्षी असेल की नाही हे त्यालाच माहीत नसते. कायम जागा रिकामी म्हणून शिकवणे कच्चे, शिकवणे कच्चे म्हणून सेट निघत नाही, सेट निघत नाही म्हणून "लायक उमेदवार नाही", आणि उमेदवार नाही म्हणून जागा रिकामी. हे चक्र फिरवणारेच आपल्याला गुणवत्ता शिकवतात! शिवाय यूजीसीच्या सूत्रानुसार परीक्षा देणाऱ्यांपैकी साधारण सहा टक्केच पात्र ठरवले जातात. उरलेले चौऱ्याण्णव नालायक आहेत असे ते सूत्रही म्हणत नाही.

आता आपल्यातल्या 'रद्द करा' वाल्यांना प्रश्न. परीक्षा गेली तर निवड कोण करणार? मुलाखतीची समिती. म्हणजे जिथे आडनाव ऐकून चेहरे बदलतात आणि 'डोनेशन'चा आकडा कानात सांगितला जातो, तीच खोली. ओएमआर शीट तपासणारे यंत्र निदान आडनाव वाचून गुण देत नाही. ती एक पायरी सोडायची आणि सगळे संस्थाचालकांच्या हाती द्यायचे, याला क्रांती म्हणायचे का?

बाबासाहेबांच्या चरित्रातला एल्फिन्स्टन हायस्कूलचा प्रसंग आपण सगळे सांगतो. शिक्षकांनी भीमरावांना उदाहरण सोडवायला फळ्याकडे बोलावले आणि सवर्ण मुले फळ्यामागचे आपले डबे विटाळू नयेत म्हणून उचलायला धावली. भाषणात आपण डब्यांपाशी थांबतो. पण भीमराव फळ्यापर्यंत गेले, हेही त्याच प्रसंगात आहे. आज आपलीच पोरे दहावीनंतर म्हणतात, "गणित आपला विषय नाही." हे वाक्य त्यांच्या तोंडी कोणी घातले, याचा शोध घ्या.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत माणसांनी रक्त सांडले, त्या विद्यापीठाने एम.एस्सी. गणिताच्या शेवटच्या सेमिस्टरला स्वतः सर्वंकष सराव परीक्षा घ्यावी आणि वर्गात तिची उत्तरे सोडवून द्यावीत. प्रत्येक महाविद्यालयाने गणिताच्या जागांची बिंदुनामावली जाहीर करावी आणि राखीव जागा कायमस्वरूपी भराव्यात. नेटचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत मिळतो, तर मराठीतही मिळावा. बार्टीने जालन्यात सेट-नेटचे विषयवार वर्ग चालवावेत, त्यात गणित असावे.

आणि सरकारची वाट न पाहता करायचे काम : १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करा आणि विहारात एक मोठा फळा लावा. दर रविवारी वंदनेनंतर दोन तास जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. ज्यांची सेट निघाली आहे, त्यांनी महिन्यातून एक रविवार समाजाला द्यावा. नोकरी लागल्यावर जयभीमचा स्टेटस ठेवणे सोपे आहे, खडू हातात घेणे थोडे अवघड आहे. तेवढे तरी करा.

जय भीम!